रेशन कार्डाची हजेरी

नोव्हेंबर अर्धा सरला की नागपूरच्या सकाळीला संत्र्याचा वास यायला लागतो. गल्लीच्या तोंडाशी हातगाडी उभी राहते, दोन पावलांवर कोणीतरी साल सोलून रस्त्यातच टाकलेली असते, आणि येणारे-जाणारे ‘वा, थंडी आली’ म्हणत छाती भरून घेतात. मी पदर नाकाला लावते. चाळीस वर्षं झाली, लावते आहे. संत्र्याशी माझं काही वाकडं नाही, घरात बसून मी खातेसुद्धा. पण थंडीतल्या सकाळी, उघड्यावर, माणसांच्या घोळक्यात तो वास आला की मला शिसारी येते. घरच्यांनी त्याला अ‍ॅलर्जी असं नाव ठेवलंय. ठेवोत बापडे.

परवा समोरच्या सोसायटीतली सायली आली. चुणचुणीत मुलगी, पायात पांढरेशुभ्र बूट, हातात कागदांचा गठ्ठा. म्हणाली, “काकू, आम्ही दर रविवारी फॅमिली वॉक सुरू करून राहिलो. पण नुसतं चालायला पोरं बोअर होतात, नवरे लोक मोबाइल पाहतात. तुम्ही फिजिकल एज्युकेशनवाल्या ना? काहीतरी मस्त अ‍ॅक्टिव्हिटीज सांगा ना. सगळी फॅमिली गुंतून राहिली पाहिजे.” तिने एक फॉर्म माझ्यासमोर ठेवला. मी हसून तो साखरेच्या डब्याखाली सरकवला आणि म्हटलं, विचार करून सांगते. ती गेल्यावर हात धुतले. कागद स्वच्छ होता, तरी धुतले.

सगळ्या कुटुंबाला गुंतवून ठेवायचं काम मी एकदा केलेलं आहे. फार छान केलं होतं.

ऐंशी सालाच्या आगेमागेचा हिवाळा. आम्ही तेव्हा सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो. एकसारखी पिवळी घरं, एकसारखी फाटकं, एकसारखी तुळस. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. शारीरिक शिक्षणाचा कोर्स मी माहेरी पुरा केला होता आणि नोकरी करायची नाही या बोलीवर सासरी आले होते. शिट्टी तेवढी ट्रंकेत आणली होती. दिवाळीनंतर कॉलनीत कोणी डॉक्टर येऊन सगळ्यांचं ब्लडप्रेशर तपासून गेले आणि निम्म्या घरांत एकाएकी अळणी भाजी शिजू लागली. मग कॉलनी मंडळाचे अध्यक्ष ठोसर साहेब आमच्याकडे आले. बसले, चहा घेतला, आणि माझ्या सासऱ्यांच्या फोटोकडे पाहत म्हणाले, “सूनबाईले काही काम द्या ना बाप्पा. शिकलेली पोरगी हाय. रविवारी सकाळी सारी कॉलनी अंबाझरी तलावाच्या बांधापर्यंत चालत जाईन, सहकुटुंब. तिनं फक्त लोकायचं मन लागलं पाहिजे असं काहीतरी काढावं.”

मला आकाश ठेंगणं झालं. रात्रंदिवस तोच ध्यास. वहीत आराखडे काढले, शिट्टी राखेने घासून चकचकीत केली.

तेव्हाची माणसं सहकुटुंब चालायची म्हणजे कशी? नवरा पुढे, दहा पावलं मागे बायको, तिच्या मागे तिचा पदर धरून पोरं, आणि कुठेतरी पार शेवटी सासूबाई, सगळ्यांवर नजर ठेवून. म्हणून मी पहिला खेळ काढला तो नाडीचा. नवऱ्याच्या उजव्या आणि बायकोच्या डाव्या मनगटाला परकराची नाडी सैल बांधायची आणि वडाच्या झाडापर्यंत ती ताणू न देता जायचं. पहिल्याच रविवारी कॉलनीतल्या बायका हसून हसून रडल्या. एका हेडक्लार्कांना बायकोच्या पावलाने चालायला जमेचना. ते दर चार पावलांनी बैलासारखा हिसका द्यायचे. शेवटी त्यांच्या बायकोने नाडी सोडली आणि म्हणाली, “जा गा तुम्ही पुढे. वीस वर्षं झाले मी मागूनच येऊन राहिली, वाट मालूम हाय मले.” दुसरा खेळ सासू-सुनांचा होता. दोघींनी हातात हात घालून एकमेकींची एकेक चांगली गोष्ट सांगायची. तो खेळ पुन्हा घेतला नाही.

आणि तिसरा होता कानफेरी. कॉलनीच्या फाटकापासून पुलापर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही. नुसतं ऐकायचं. पुलावर पोचलं की काय काय ऐकू आलं ते सांगायचं. त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की पुढच्याची कानटोपी तेवढी दिसे. पुलावर पोचल्यावर पुरुषमंडळी म्हणाली, कोंबडा, ट्रक आणि रेल्वेची शिट्टी. पोरांनी त्यात कुत्रा घातला. मग मागून एक बाई पुढे आली. अंगाने किडकिडीत, सव्वीस-सत्तावीसची, अंगावर कोणाचं तरी ढगळ स्वेटर. ती आमच्या मागच्या ओळीतल्या मोरेश्वररावांची बहीण, कुसुम. दसऱ्यानंतर भावाकडे राहायला आली होती.

“मी सांगू काय ताई?” म्हणाली, आणि बोटांवर मोजत सांगू लागली. “गिरणीचा पट्टा मोकळा फिरून राहिला, अजून दळण नाई टाकलं कोणी. तिसऱ्या घरात कोणी पाण्याचा गुंड आपटून नाई, हळूच ठेवला. घरात लेकरू निजलं असन. ठोसर साहेबाच्या चपलेचा अंगठा तुटाले आला. आन् मागून गाडी येऊन राहिली, तिचा डावा बैल लंगडा हाय. घंटी दोनदा वाजते, मंग थांबते.”

सगळे हसले. कोणी ‘बह्याडच हाय बाप्पा’ म्हणत तिला वेड्यातही काढलं. तेवढ्यात धुक्यातून संत्र्यांची बैलगाडी निघाली आणि आमच्यासमोरून गेली. डावा बैल लंगडत होता. ठोसर साहेबांनी चपलेकडे पाहिलं आणि अंगठा उचलून पाहताच तो तुटला. मग जे हसू उसळलं ते खरं होतं. गाडीवाल्याने पाहुण्यांना द्यावीत तशी पाचपन्नास संत्री आमच्या पदरात, टोप्यांत टाकली. कुसुमने माझ्यासाठी एक सोललं. तिची बोटं थंडीने लाल झाली होती आणि त्यांना तो वास होता. मी मनात म्हटलं, हिच्यासाठीच हा कार्यक्रम काढला बघ आपण.

परतीच्या वाटेवर मी तिला विचारलं, एवढं कसं गं ऐकू येतं तुला? ती सरळ म्हणाली, “उमरेडले सवय लागली ना. ते खाणीवरून येत, तं सायकल भिंतीले कशी टेकवली, त्याच्यावरून समजे आज मार हाय का नाई. कान द्याच लागे.” आणि मग जणू हवापाण्याचं बोलावं तसं तिने विचारलं, पुढच्या रविवारी कोणता खेळ आहे?

तिचं काय पणाला लागलं होतं ते मला त्या दिवशीच कळायला हवं होतं. नवऱ्याचं घर सुटलेलं, भावाचं घर अजून लागलेलं नाही. आठवड्यातले सहा दिवस ती भावजयीची धुणीभांडी करायची, खालमानेने नळावर यायची आणि खालमानेने जायची. फक्त रविवारच्या सकाळी ती कॉलनीतल्या माणसांत माणूस म्हणून मोजली जायची. एवढंसंच होतं ते. पण तिच्यापाशी तेवढंच होतं.

नोव्हेंबर सरत आला, थंडी वाढली आणि लोकांची चालायची हौस रजईत शिरली. तीस घरांची बारा झाली. मी कासावीस. ठोसर साहेब म्हणाले, “बक्षीस ठेवा. आपला माणूस बक्षिसाबिगर हालत नाई.” मंडळातर्फे पाणी भरायचा स्टीलचा मोठा गुंड ठरला. संक्रांतीच्या आधीच्या रविवारपर्यंत ज्या कुटुंबाची सगळी माणसं सगळ्यात जास्त वेळा हजर, त्या कुटुंबाला गुंड.

आणि काय सांगू! पुढच्या रविवारी रस्ता भरून गेला. पण जत्रेत दिसावीत तशी अनोळखी तोंडं. कोणी मेहुणीची पोरं आणली, कोणी भाडेकरू आणला, एका घरात तर रातोरात दोन जुळी मुलं वाढली. पुलावर भांडणं. ‘ही तुमची कोण वं?’ ‘तुले काय करायचं?’ ज्या पुलावर पंधरा दिवसांपूर्वी आम्ही जीव कानात आणून उभे राहिलो होतो, तिथे आता बायका एकमेकींच्या नातेवाइकांची मोजदाद करीत होत्या. एका गुंडासाठी. मला तेव्हाच वीट यायला हवा होता. पण मला वीट आला नाही. मला तोडगा सुचला.

मी म्हटलं, ज्याने त्याने रेशन कार्ड आणावं. कार्डावर असतील तीच कुटुंबातली माणसं. मी ती वहीत उतरवून घेईन आणि दर रविवारी हजेरी पुकारीन.

सगळ्यांना पटलं. ठोसर साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्या सगळ्या घरांमध्ये खोटं न बोलणारी एकच वस्तू आहे असा आमचा भ्रम होता. वास्तविक मला चांगलं ठाऊक होतं. आमच्याच कार्डावर माझे सासरे जिवंत होते. जाऊन चार वर्षं झालेली, पण साखर तेव्हा माणशी मोजून मिळायची, आणि नाव कमी करायचा विषय मी काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “काहून कापता? जिवंतपणी तं हातावर काही ठेवलं नाई त्यायनं. आता साखर देऊन राहिले, देऊ द्या.” घराघरांत हेच. मेलेल्यांच्या नावाची साखर जिवंतांच्या चहात विरघळत होती आणि कोणाला ती कडू लागत नव्हती. आमचं घर मी संयोजक म्हणून स्पर्धेतून वगळलं, म्हणजे प्रश्न मिटला. किती निर्मळ हात माझे!

कार्ड घेऊन मी नावं उतरवायला बसले. मोरेश्वररावांच्या कार्डावर पाच नावं होती. ते स्वतः, बायको शीला, दोन मुलं, आणि आई गंगूबाई. गंगूबाई वारल्या त्याला तीन वर्षं झाली होती. त्यांच्या तेराव्याला मी नव्हते, पण जेवणात काय होतं ते कॉलनीने मला सांगितलेलं होतं. कुसुमचं नाव त्या कार्डावर नव्हतं. ते उमरेडला नवऱ्याच्या कार्डावर. तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आल्याशिवाय इकडे चढणार नाही, आणि नवरा दाखला देईना. मोरेश्वररावही मागायला जाईनात. शीला नळावर म्हणाली होती, “इकडे नाव चढलं म्हंजे ते इकडचीच होऊन बसन ना!”

मी वहीत पाच नावं लिहिली. खाली एक ओळ मोकळी राहिली होती. मी तिच्यावर पट्टीने रेघ मारली.

त्या रविवारी कुसुम फाटकात उभी होती, हाताला बेसन. परत येणाऱ्यांना मोरेश्वररावांकडे भजी होती. मी पुकारलं, गंगूबाई. मोरेश्वरराव नजरेला नजर न देता म्हणाले, “तब्येत बरी नाई तिची.” आणि मी, देवाशपथ, वहीत ‘आजारी’ असं लिहिलं. पुढच्या रविवारी ते म्हणाले, “गावाले गेली.” मी ‘गावाला’ लिहिलं. कोणी हसलं नाही, कारण ज्याच्या त्याच्या कार्डावर कोणी ना कोणी असं आजारी होतं. त्या महिन्यात आमच्या कॉलनीतल्या मेलेल्या म्हाताऱ्यांची तब्येत फार बिघडली होती. शेवटी ठोसर साहेबांनीच नियम काढला, सवलत दोनदाच; तिसऱ्यांदा माणूस समोर दिसला पाहिजे.

त्याच आठवड्यात एका दुपारी कुसुम माझ्याकडे आली. ओट्यावर टेकली नाही, उभीच राहिली. “ताई, थे सरकारी कार्ड राहू द्या. तुमच्या वहीत तं लिहा मले. तुमची वही तं तुमचीच हाय ना?”

मी म्हटलं, “कुसुम, एकीसाठी नियम मोडला तर सगळे भांडत येतील. तू दाखला आण, मी लगेच लिहिते.”

“थो नाई देत दाखला.”

“मग मी काय करू सांग?”

सांगायला ती आलीच होती आणि सांगून झालं होतं. जाताना तिने दारातली माझी चप्पल, उलटी पडली होती, ती पायाने सरळ केली. मला नुसतं एक नाव लिहायचं होतं. पेन्सिलीने. पण तो माझा आयुष्यातला पहिला कार्यक्रम होता आणि मला तो नेटका हवा होता. नेटकेपणाइतकी ओंगळ गोष्ट मी पुढे फारशी पाहिली नाही.

तिसऱ्या रविवारी धुकं नव्हतं. स्वच्छ ऊन पडलं होतं, दडायला जागा नव्हती. मी मोरेश्वररावांच्या घराची नावं पुकारली. मोरेश्वर. हजर. शीला. हजर. पोरं हजर. मग मी सवयीने म्हटलं, गंगूबाई, आणि पेन्सिल थांबवली.

“हजर.”

कुसुम होती. अंगावर आईची काळी घोंगडीवजा शाल, डोक्यावरून घेतलेली. शेजारी मोरेश्वरराव आभाळाकडे पाहत होते. शीलाच्या चेहऱ्यावर, अडलेलं दार युक्तीने उघडल्याचं समाधान. मी ठोसर साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “माणूस समोर हाय ना? लिहा.” मी ‘ह’ लिहिलं.

अशी ती चार रविवार आली. कॉलनीला मोठीच गंमत झाली. पोरं ‘आजी आली, आजी आली’ म्हणत तिच्या शालीला लोंबकळायची. बाया म्हणायच्या, “काय गंगूबाई, गुडघे कसे हायेत?” ती हसायची. पहिल्या दिवशी खरंच हसली असेल; चालायला मिळालं याचा आनंद होता तिला. पण दर रविवारी तिच्या ‘हजर’मधला जीव थोडा थोडा जात चालला. मी पुन्हा एकदा कानफेरी घेतली. पुलावर सगळ्यांनी आवाज सांगितले. तिला विचारलं तर म्हणाली, “नाई ताई. आज काही ऐकू नाई आलं.” सव्वीस वर्षांच्या पोरीला आम्ही तिच्या मेलेल्या आईच्या जागी उभी केली होती, तिच्या सख्ख्या भावाने केली होती, आणि वर त्याला सहकुटुंब सहल म्हणत होतो. आज लिहिताना हाताला घाण लागल्यासारखं वाटतं. तेव्हा मात्र मी वहीत पाहून खूश होते. रांगा कशा भरलेल्या!

संक्रांतीच्या आधीचा रविवार. अंबाझरीच्या बांधावर मंडळाने सतरंजी टाकली होती. मधोमध गुंड, त्याला लाल रिबीन. उन्हात असा चमकत होता की पोरं त्यात आपली वाकडी तोंडं पाहत होती. संत्र्यांची टोपली फिरत होती; सगळा बांध सालींनी भरलेला. दोन कुटुंबं चुरशीत होती आणि मोरेश्वररावांचं त्यांत होतं. आज त्यांची पाचही माणसं लागली की गुंड त्यांचा. शीलाने येतानाच शेजारणीला सांगितलं होतं, हा गुंड मोरीत नाही, पाहुण्यांच्या नजरेत राहील असा ठेवायचा.

मी शिट्टी वाजवली आणि वही उघडली. चार नावं झाली. “गंगूबाई.”

मी वर पाहिलं. कुसुम समोरच होती. शाल तिने काढून, घडी करून हातावर घेतली होती. त्या थंडीत नुसत्या पातळावर.

“गंगूबाई,” मी पुन्हा म्हटलं.

“बोल ना वं!” मोरेश्वरराव दातांतून म्हणाले. शीलाने तिला कोपराने ढोसलं. कुसुम माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही. कानफेरीत पाहायची तशी, काहीतरी ऐकू येतंय का याची वाट बघत.

मी तिसऱ्यांदा तेच नाव घेतलं. लाज वाटते, पण घेतलं.

“ताई,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. “माही माय मेली, तीन साल झाले. तुम्ही तिले कितीकबी आवाज द्या, थे येईन काय? मले बोलवा ना एकडाव. मी इथंच उभी हाय.”

सोलणारी बोटं जागच्या जागी थांबली. चाळीस-पन्नास माणसं, आणि पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याशिवाय आवाज नाही. खरी कानफेरी ती. तीनच अक्षरं तिच्या नावात. ती मी तोंडातून काढली असती तर काय बिघडणार होतं? ठोसर साहेब रागावले असते. गुंड कोणाला द्यायचा यावर भांडण झालं असतं. त्या बांधावरच्या प्रत्येक घराचा मेलेला माणूस उघडा पडला असता, आमचाही. बस, एवढंच. मला आठवतं ते हे, की त्या क्षणी मला तिची दया आली नव्हती. मला तिचा राग आला होता. माझा समारोप नासवला म्हणून.

मी मान खाली घातली आणि गंगूबाईंच्या नावापुढे ‘गै’ लिहिलं. गैरहजर.

गुंड दुसऱ्यांना गेला. टाळ्या वाजल्या. कुसुमने शाल भावाच्या हातात दिली आणि बांधावरून एकटी पुढे चालत गेली, आमच्याकडे पाठ करून, झपाझप. नवऱ्याच्या मागे नाही की भावाच्या मागे नाही. तेवढं चालणं तिचं स्वतःचं झालं असेल. मागे राहिलेल्यांनी पुन्हा संत्री सोलायला घेतली. ‘एका गुंडाचं नुकसान केलं भावाचं,’ असं कोणी म्हणालं. मी बांधाच्या कडेला जाऊन ओकले. बायका आपसांत कुजबुजल्या, हिला दिवस गेले वाटतं. गेले नव्हते.

संक्रांतीचं हळदीकुंकू घ्यायला शीला आली तेव्हा मी विचारलं, कुसुम दिसत नाही? ती वाणाची वाटी पदराआड घेत म्हणाली, “गेली ना. आपल्या घरी.” आपल्या घरी, म्हणजे उमरेडला. मोरेश्वरराव स्वतः जाऊन एस.टी.त बसवून आले होते. मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोला म्हटलं. रीत होती ना. उमरेड इथून काही लांब नाही, दिवसाला कितीतरी गाड्या सुटतात. मी कधी गेले नाही. पुढे आमची बदली झाली, मग निवृत्ती, मग हे घर. ती तिथे राहिली की कुठे आणखी निघून गेली, जगली की नाही, मला ठाऊक नाही. तिचं सासरचं आडनावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

आज सकाळी सायली पुन्हा आली. “सुचलं का काकू काही?”

मी तिला कानफेरी सांगितली. अगदी नीट, बारकाव्यांसकट. तिला फारच आवडली. सायलेंट वॉक, म्हणाली, आजकाल हे खूप चालतं. मग मी म्हटलं, फक्त एक कर, हजेरी घेऊ नकोस. ती हसली. “असं कसं काकू? गिफ्ट्स आहेत ना. म्हणून तर फॉर्म दिला, आधार कार्डाप्रमाणे फॅमिलीची नावं भरायची. नाहीतर लोक कोणालाही घेऊन येतील.”

किती नेटकी मुलगी. फॉर्म साखरेच्या डब्याखालून काढून मी तिला कोराच परत दिला. तब्येत बरी नाही म्हटलं.

ती गेल्यावर माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. शिट्टी गंजली आहे. वही आहे. पानं पिवळी पडलीत पण पेन्सिल पुसली गेलेली नाही. तो अख्खा हिवाळा तिच्यात आहे. कोण कोणत्या रविवारी आलं, सगळं. कुसुम नाही. जी एकटीच खरं चालली ती कुठेच नाही, एका ओळीवर पट्टीने मारलेली रेघ आहे. गंगूबाईंपुढे लिहिलंय : आजारी, गावाला, ह, ह, ह, ह, आणि शेवटी गै. मेलेली बाई गैरहजर. त्या ओळीत मी लिहिलेलं एवढं एकच खरं आहे, आणि माझ्या हातून त्याच्याइतकं घाणेरडं दुसरं काही लिहून झालेलं नाही.